माळ्यावरचा स्पेक्ट्रम

प्रश्न : वडिलांचा 48के झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, माळ्यावर सापडला. अडॅप्टर हरवलाय. राउटरचा 9 व्होल्टचा लावला तर चालेल का?

उत्तर : मुळीच लावू नका! पिन बसेलही, पण स्पेक्ट्रमला मधल्या पिनवर ऋण टोक लागतं. राउटरच्या अडॅप्टरला तिथे बहुधा धन असतं. उलट जोडणीने वीजपुरवठा सांभाळणारा आतला टीआर4 हा ट्रान्झिस्टर जळतो. मग मेमरीच्या 4116 चिपांचा पुरवठा बिघडतो आणि त्याही जाऊ शकतात, कारण त्यांना 5 व्होल्टशिवाय 12 आणि उणे 5 व्होल्टही लागतात.

मधे ऋण असलेला, 9 व्होल्ट डीसी, किमान 1.4 अँपिअरचा अडॅप्टर घ्या. मल्टिमीटरने टोकं तपासूनच लावा. कीबोर्डला आतल्या बोर्डाशी जोडणाऱ्या पातळ पट्ट्या कडक झालेल्या असतात, खोलताना हिसका दिला की तुटतात. नवी मेम्ब्रेन (कळांखालचा, या पट्ट्या असलेला पातळ पडदा) मिळते. पडद्यावर 1982 ची कॉपीराइटची ओळ उमटली, तर तुमचा ठेवा शाबूत आहे.