आउटस्टँडिंग म्हणजे शाबासकी नव्हे, निदान पत्रात तरी

तुमच्या अर्जावर 'थ्री क्वेरीज आर स्टिल आउटस्टँडिंग' असं उत्तर आलंय आणि हे कौतुक समजायचं का, असं तुम्ही विचारताय. नाही हो! तीन प्रश्न अजून बाकी आहेत, असा त्याचा अर्थ. ते प्रश्न कोणते, हे आधी विचारा. आजच. माझं पुराण नंतर वाचा.

मी याच शब्दावर आपटलोय. मला आलेलं वाक्य होतं, 'टू ऑफ युअर डॉक्युमेंट्स आर आउटस्टँडिंग'. डोक्यात 'उत्कृष्ट' हा एकच अर्थ पक्का बसलेला. वाटलं, वा, दोन कागद भलतेच आवडलेले दिसतात! आभाराचा मेल ठोकला. त्यावर उत्तर आलं, 'नोटेड'. मी निवांत. मुदत संपली, फाइल बंद. फोन केला तर पलीकडून, "आम्ही स्पष्ट कळवलं होतं." अहो, 'दोन कागद मिळालेले नाहीत' एवढं लिहायला काय जातं? आणि कागद द्यायचे सोडून माणूस आभार मानतोय, हे तिथे एकालाही खटकू नये? असो. चूक माझी, पण अर्धीच.

शब्दाचा मूळ अर्थ बाहेर उभा राहिलेला, पुढे आलेला. चारचौघांत उठून दिसतो तो उत्कृष्ट, आणि हिशेबाबाहेर लटकत राहते ती बाकी. माझा ठोकताळा असा, की हा शब्द कोणत्या नामाबद्दल आलाय ते बघायचं. बॅलन्स, इनव्हॉइस, डॉक्युमेंट, क्वेरी, म्हणजे जे फेडता, पाठवता किंवा निकाली काढता येतं, तिथे अर्थ बाकी. माणूस, खेळी, कामगिरी असेल तर स्तुती. शेजारी 'स्टिल' किंवा 'रिमेन्स' दिसलं की बहुतेक वेळा बाकीच. 'आउटस्टँडिंग वर्क' मात्र दोन्हीकडे झुकतं, तिथे मागचंपुढचं वाचावंच लागतं. 'शेअर्स आउटस्टँडिंग' हे तर तिसरंच, कंपनीने दिलेले आणि भागधारकांच्या हातात असलेले शेअर्स.

आणि हा शब्द म्हणजे 'ओव्हरड्यू' नव्हे. बिलाची तारीख उलटायच्या आधीही रक्कम आउटस्टँडिंग असते, त्यामुळे लगेच दंडाच्या धास्तीने झोप घालवू नका.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, ठेच खाल्लेला माणूस आहे. पण स्वतः लिहिताना हा शब्द मी सोडूनच दिलाय. कौतुकाला 'एक्सलंट', राहिलेल्या कामाला 'पेंडिंग', पैशाला 'अनपेड'. भाषांतराच्या अ‍ॅपवर एकटा शब्द टाकू नका, अख्खं वाक्य टाका.

तुमच्या मेलला 'नोटेड' एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.