पोर्तुगीजमधल्या 'कोंप्रा-लो-ईआमोस'सारख्या रूपात जोर कुठे द्यायचा?

तुमचा प्रश्न असा, की 'कोंप्रा-लो-ईआमोस' (आम्ही ते विकत घेतलं असतं) या रूपात 'प्रा'वरही आघातचिन्ह आहे आणि 'ई'वरही, मग जोर कशावर?

जोर 'ई'वर. अक्षरं सहा: कों-प्रा-लो-ई-आ-मोस. 'ई-आ'चं घाईत 'या' करू नका, ती दोन वेगळी अक्षरं आहेत. (उच्चार लेखनाप्रमाणे देतेय, लिस्बनमध्ये 'मोस'चं 'मुश' ऐकू येईल.)

या दोन चिन्हांपाशी मीही बरेच दिवस अडले होते. रूप कसं घडलं ते कळलं आणि गाठ सुटली. सर्वनाम नसतानाचं रूप 'कोंप्रारीआमोस' (आम्ही विकत घेतलं असतं) हे मुळात दोन शब्द: 'कोंप्रार' (विकत घेणे) आणि 'आव्हेर' या सहाय्यक क्रियापदाचं झिजलेलं रूप 'ईआमोस'. आपल्या 'जाईन'च्या पोटात काही घुसवता येत नाही, पण 'जाणार आहे'चं 'जाणारच आहे' सहज होतं. पोर्तुगीजमध्ये शब्द जुळून एक झाले तरी ती फट राहिली, आणि 'लो' (ते) हे सर्वनाम तिथेच जाऊन बसतं. 'लो' आला की 'कोंप्रार'चा 'र' गळतो. उरलेलं 'कोंप्रा' चिन्हाशिवाय लिहिलं तर नियमानुसार 'कों'वर जोर देऊन वाचलं जाईल, म्हणून 'प्रा'वर चिन्ह. तिथे दुय्यम जोर राहतो, मुख्य जोर कायम सहाय्यकाच्या तुकड्यावर.

आता शेजारी 'कोंप्राव्हामो-लो' (आम्ही ते विकत घ्यायचो) ठेवा: कों-प्रा-व्हा-मो-लो. इथे सहाय्यक नाही, सर्वनाम नुसतं शेवटी चिकटलंय, 'मोस'चा 'स' गळलाय. मुख्य जोर 'प्रा'वरच, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर. एरवी पोर्तुगीज शब्दात जोर शेवटच्या तीन अक्षरांपलीकडे जात नाही. सर्वनाम चिकटल्यावरच तो इतका मागे पडतो, कारण सर्वनामाला स्वतःचा जोर नसतो.

'र' गळत नाही तिथे अक्षरं तोडताना जपा. 'दारेय' (मी देईन) म्हणजे दा-रेय, पण 'त्याला देईन' म्हटलं की दार-ल्ये-एय. 'र' मागच्या अक्षरात परततो, जोर 'एय'वर.

ही मधे सर्वनाम घेणारी रूपं आज मुख्यतः औपचारिक लेखनात भेटतात, ब्राझीलच्या रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीतच. बोलायला शिकत असाल तर आधी 'फालारांव'ची जोडी घोटा: 'ला'वर जोर दिला तर 'ते बोलले', 'रांव'वर दिला तर 'ते बोलतील'. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून मी जोराचं अक्षर किंचित लांबवून म्हणायचे आणि त्यावरच टाळी द्यायचे.