आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोॲबला दोन दिवस जाणार आहोत. तिथली आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही राष्ट्रीय उद्यानं कशी बघावीत?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीच्या आसपास आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि तुम्ही जूनच्या अखेरीस जाताय. तेव्हा तिथे ऊन चाळीस अंशांच्या घरात जातं आणि वाटांवर सावली जवळपास नसते. म्हणून पहिलं सांगणं हेच: पहाटे बाहेर पडा, अकराच्या आत मोटेलवर परत या, दुपारी सगळ्यांना झोपू द्या आणि पाचनंतर पुन्हा निघा. सूर्य पावणेनऊला मावळतो, संध्याकाळ भरपूर मोठी मिळते.

सकाळ आर्चेसला द्या. प्रवेशद्वार मोॲबपासून पाचच मैलांवर आहे. डेलिकेट आर्च या प्रसिद्ध कमानीचा ट्रेल जाऊन-येऊन तीन मैलांचा, पावणेपाचशे फूट चढाचा आणि बराचसा उघड्या कातळावरून आहे. आईंना तिथे नेऊ नका, फोटोंच्या हट्टापायी तर अजिबात नाही. त्याऐवजी विंडोज भागात जा. डबल आर्चपर्यंतची वाट सपाट आणि छोटी आहे, आणि त्या दोन कमानींखाली उभं राहिल्यावर काही हुकल्यासारखं वाटत नाही. बॅलन्स्ड रॉक तर गाडीतूनही दिसतो.

बाबांना या कमानी कशा झाल्या ते जरूर सांगा. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळ्या बेसॉल्टचा. इथला दगड वाळूचा, लोहामुळे तांबडा झालेला. त्याच्या खूप खाली मिठाचा जाड थर आहे, साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा. वरच्या दगडांच्या भाराने मीठ हळूहळू सरकलं, फुगलं, आणि वरच्या खडकाला समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावत उभ्या भिंती सुट्या झाल्या, पाण्याने आणि बर्फाने त्या पोखरल्या. नोंदवलेल्या कमानी 2000 च्या वर आहेत, आणि हे काम थांबलेलं नाही: 1991 मध्ये लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा कोसळला, तेव्हापासून तिच्याखालची वाट बंद आहे.

संध्याकाळी कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय भाग. मोॲबहून पाऊण तास लागतो. नीडल्स भाग लांब आहे, दोन दिवसांत तो सोडाच. ग्रीन रिव्हर ओव्हरलूक आणि ग्रँड व्ह्यू पॉइंट दोन्हीकडे गाडी लावून थोडं चाललं की खालचा सगळा पसारा दिसतो. मेसा आर्चच्या वाटेत चढउतार आहेत, पण अंतर पाऊण मैलाच्या आतच. आईंचा अंदाज घेऊन ठरवा.

परतताना त्याच रस्त्यावरच्या फाट्याने डेड हॉर्स पॉइंटला सूर्यास्त गाठा. माझ्या मते या भागातली सर्वात सुंदर जागा हीच. दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी पूर्ण वळसा घेते, आणि पॉइंटपर्यंत पक्की वाट आहे. हे राज्याचं उद्यान असल्याने राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही, वेगळं शुल्क भरावं लागतं. तिथून गडद निळी तळी दिसतील. त्याच जुन्या मिठाच्या थरातून पोटॅश, म्हणजे खतासाठी लागणारं पोटॅशियमचं मीठ, काढून ते या तळ्यांत वाळवतात. ऊन जास्त शोषलं जावं म्हणून पाण्यात निळा रंग घालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या 128 क्रमांकाच्या रस्त्याने नुसतं गाडीतून फिरा. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मध्ये नदी, आणि चालण्याची सक्ती नाही. थकवा असेल तर एवढंच करा. आणखी एक पार्क कोंबू नका.

एक कळकळीची विनंती. वाट सोडून मातीवर पाय देऊ नका. ती काळपट, खडबडीत साय जिवंत असते, सूक्ष्मजीवांनी वाळू धरून ठेवलेली. एक पाऊल पडलं तरी ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच समजावून ठेवा.

पाणी माणशी चार लिटर गाडीत ठेवा, खाणं मोॲबमधूनच बांधून घ्या. दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत हॉटेल किंवा पेट्रोलपंप नाही. आर्चेसचे प्रवेशाचे नियम अलीकडे बदलत असतात, म्हणून निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.