वार गर्भाशयाला नुसती चिकटते की आत शिरते?

शिरते, आणि चांगलीच खोल. सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघणं हेच माझं रोजचं काम, म्हणून दिसतं तसं सांगतो.

गर्भधारणेनंतर साधारण 6-7 दिवसांनी गर्भ अस्तराला टेकतो. त्याच्या बाहेरच्या ट्रोफोब्लास्ट पेशींपैकी (यांच्यापासूनच वार बनते) काही पुढे सुट्या होऊन आईच्या ऊतीत निघतात. वाट मोकळी नसते. आपल्या चादरीतल्या ताण्या-बाण्यासारखं कोलॅजन या प्रथिनाचं जाळं आडवं असतं. पेशी एन्झाइम सोडून ते विरघळवते, पुढे पाय काढते, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी पकड घेते, मग मागची पकड सोडते. कॅन्सरच्या पेशीही असंच करतात, पण ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक-तृतीयांश भागापर्यंत जाऊन थांबतात. आईचं अस्तर आणि तिथल्या एनके पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्यांना आवर घालतात.

खरी गंमत सर्पिल रोहिण्यांत, म्हणजे अस्तराला रक्त पुरवणाऱ्या आईच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत. पेशी त्यांच्या भिंतीत घुसून स्नायूचा थरच घालवतात. स्लाइडवर त्या जागी नुसता गुलाबी पट्टा दिसतो. आकुंचन पावणारी बारीक नळी सैल, रुंद होते आणि वारेकडे आईचं रक्त संथपणे, भरपूर येतं. पहिले 10-12 आठवडे मात्र याच पेशी नळीच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात, कारण कोवळ्या गर्भाला जास्त ऑक्सिजन सोसत नाही.

घुसखोरी उथळ राहिली तर पुढे प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. जुन्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली, तर ती खोल रुतून सुटता न सुटण्याचा धोका असतो.