'माज' छापायला लाज कसली?

प्रश्न आलाय: पशुपालकांच्या माहितीपत्रकात 'गाय माजावर आली' (म्हणजे फळायला तयार झाली) हे असभ्य दिसतं, त्याऐवजी 'गाईला पाळी आली' चालेल का? सोबत पुण्यातल्या एका जाणकारांचं मत जोडलंय की हा 'माज' म्हणजे जुन्या मराठीतली कंबर.

'पाळी' अजिबात चालणार नाही. हल्ली हे सारखं कानावर पडतं आणि दर वेळी चीड येते. पाळीत गर्भाशयाचं अस्तर रक्तासह गळून पडतं. गाईत तसं होतच नाही. माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी काही गाईंच्या शेपटीला रक्ताचे डाग दिसतात, ते इस्ट्रोजेन हे माज आणणारं संप्रेरक उतरल्यामुळे. तोवर स्त्रीबीज सुटून रेतनाची, म्हणजे वीर्य भरण्याची, वेळ टळलेली असते. शिरूर-दौंडकडचा गवळी फोनवर 'गाईनं सकाळी माज दाखवला' एवढंच सांगतो आणि डॉक्टर संध्याकाळी रेतनाला येतात. रक्त बघून 'पाळी आली' म्हणत बोलावलं तर फेरी फुकट, आणि पुढचा माज साधारण २१ दिवसांच्या चक्राने.

आता व्युत्पत्ती. संस्कृत 'माद्यति', म्हणजे मद चढतो. प्राकृतात 'मज्जइ', मराठीत 'माजणे'. अद्य-अज्ज-आज, विद्युत्-विज्जु-वीज, तीच वाट. मध्य-मज्झ-माज हीसुद्धा खरी, 'माजघर' त्यातलंच. पण कंबरेच्या 'माज'चं क्रियापद कुठाय? गाय माजते, बैल माजतो, रान माजतं. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठोकून देणं हे जाणकाराचं काम नव्हे.

ग्रीक 'ओइस्ट्रोस' म्हणजे गुरांना चावणारी गोमाशी. ती चावली की जनावर उधळतं, म्हणून उन्मादही. त्यावरून इस्ट्रस, म्हणजे माजाचं शास्त्रीय नाव, आणि इस्ट्रोजेन. माझ्या मते आपला शब्द त्याहून सरस, कारण बाहेरून कुणी चावत नाही, आतून चढतं! अंडाशयातल्या वाढत्या पुटकातलं (स्त्रीबीजाच्या पिशवीतलं) इस्ट्रोजेन रक्तातून मेंदूपर्यंत जातं. गाय हंबरते, पान्हा चोरते, दुसरीवर उडते, योनीतून काचेसारखा चिकट सोट लोंबतो. बारा-अठरा तासांत सगळं उतरतं. गर्भ राहिला नाही तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक सुटतं, पीतपिंड (स्त्रीबीज सुटलेल्या जागी अंडाशयावर झालेली गाठ) विरघळतो, त्यातून येणाऱ्या, माज रोखणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा अंकुश निघतो आणि पुन्हा मद. गोठ्यात म्हणतात, गाय उलटली.

म्हशीत पुष्कळदा हा मद चढूनही ती हंबरत नाही, उडत नाही. त्याला 'मुका माज' म्हणतात. पत्रकात तोही छापा, ठळक अक्षरात.