झालं नं आता तुझं?

“मॅडम, मी आळशी झाले का हो?”

पर्स मांडीवर घट्ट धरून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. वय 41, एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात, राहायला नागपुरात त्रिमूर्तीनगर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे. त्या मला मॅडम म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते. चालतं.) नोव्हेंबरात कोल्हापूरला त्यांनी आयुष्यातली पहिली ट्रायथलॉन पूर्ण केली होती, ऑलिंपिक अंतराची. दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून 40 किलोमीटर, तिथून उतरून 10 किलोमीटर पळायचं, घड्याळ मधे कुठंही थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी या बाईंना पोहता येत नव्हतं. तलावाच्या उथळ बाजूला सात-आठ वर्षांच्या पोरांसोबत पाय मारायला शिकल्या, तिथून इथवर.

आणि आता जानेवारी संपत आला होता, तर अडीच महिन्यांत एकदाही पाण्यात उतरल्या नव्हत्या. सायकल महाराष्ट्र एक्स्प्रेसनं ज्या बॅगेत घालून परत आणली, त्याच बॅगेत दिवाणामागे उभी. चेनही उघडली नव्हती.

“स्पर्धेच्या दिवशी दंडावर मार्करनं नंबर लिहितात. मी तो चार दिवस घासला नाही. आंघोळीला हात वर धरायची. पाचव्या दिवशी नंबर गेला आणि त्या दिवसापासून मला उठवतच नाही.”

ही तक्रार माझ्याकडे नवी नाही. मॅरेथॉनवाले येतात, ट्रेकवाले येतात, एकदा सीए झालेला मुलगा आला होता. मोठं काही पार पडलं की पाठोपाठ एक पोकळ काळ येतो. महिनोन्‌महिने डोकं एकाच तारखेकडे लागलेलं असतं, ती तारीख मागे पडली की सकाळी उठून बघायचं कुठं हेच कळत नाही. शरीरही थकलेलं असतं. हंगाम संपल्यावर दोन ते चार आठवडे हलकं राहायला, मन लागेल ते करायला कोचसुद्धा सांगतात. तेव्हा पहिला महिना आळसाच्या खात्यात टाकायचाच नाही.

पण अडीच महिने म्हटल्यावर मी आधी दुसरंच तपासलं. झोप कशी आहे, जेवण जातं का, वर्गात शिकवताना मन लागतं का, मुलीशी बोलताना हसू येतं का, जगणं नको असं मनात येतं का. उदासी सलग दोन आठवड्यांवर टिकली आणि पळणंच नव्हे तर सगळ्यातलाच रस गेला, तर तो विषय ट्रायथलॉनचा राहत नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञ लागतो. रात्री-बेरात्री लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर आहे. मॅडमचं तसं नव्हतं. वर्गात त्या मजेत होत्या. थकवा होता म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

इथंवर ठीक. पुढं मी चुकले.

“पुढच्या स्पर्धेला नाव टाका,” मी म्हणाले. सगळे हेच सांगतात, आणि तारीख समोर असली की पाय चालतात हा अनुभवही आहे. त्यांनी लगेच ऑनलाइन नाव टाकलं, फी भरली. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा चेहरा आणखी उतरलेला. सराव शून्य, वर फी गेल्याची चुटपुट, वर मला दिलेला शब्द मोडल्याची लाज. मी त्यांना एक गोष्ट द्यायला गेले आणि तीन ओझी देऊन बसले.

“मोटिव्हेशनच गेलं बघा माझं,” त्या म्हणाल्या.

हा शब्द ऐकला की मी एक काम करायला लावते: जेव्हा ते होतं, तेव्हाची एखादी पहाट सांगा. नीट, मिनिटामिनिटानं. त्या सांगायला लागल्या. ऑगस्टातली पहाट. चार पन्नासचा गजर. बाहेर झिरझिर पाऊस. उठायची इच्छा? “छे, अजिबात नव्हती.” मग उठलात कशा? रिंग रोडच्या कोपऱ्यावर मैत्रीण सायकल घेऊन उभी राहणार होती. कोचनं दर रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तक्त्यात ‘बुटीबोरी जाऊन परत’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे ज्याला मोटिव्हेशन म्हणत होतो, ते त्या ऑगस्टातही नव्हतंच. मैत्रीण होती, तक्ता होता. स्पर्धा झाली, तक्ता बंद झाला. मैत्रिणीची बदली नाशिकला झाली.

माझ्या मते सापडलं होतं. तरी सहज, जाता जाता म्हणून मी विचारलं, “मग आता पाच ते साडेसात काय करता?”

“पोळ्या.”

मी थांबले.

“पोळ्यावाल्या काकू सोडल्या नं आम्ही. कोल्हापूरहून आल्यावर चौथ्याच दिवशी. आता मी घरीच असते सकाळी, तर दोन हजार कशाला, असं ठरलं.”

कुणी ठरवलं? कुणीच नाही. भांडण नाही, चर्चा नाही. जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “झालं नं आता तुझं? मेडल भेटलं नं? मंग काहून उठून राहिली पहाटे?” त्यात टोमणा नव्हता हे मॅडमच मला बजावून सांगत होत्या. म्हातारीला खरंच वाटलं की काम संपलं. लग्न झालं की मांडव काढतात, तसं.

स्पर्धा ही या घरात परवानगी होती, हे मला तेव्हा उमगलं. दोन वर्षं त्या पहाटे अडीच तास घराबाहेर होत्या, कारण सांगायला एक सबळ कारण होतं: स्पर्धा आहे, पैसे भरलेत, तिकीट काढलंय. कारण संपलं तसा वेळ घरानं परत घेतला, आणि त्यांनी तो विनातक्रार देऊनही टाकला. पुरुषांच्या बाबतीत हे इतकं लवकर होत नाही. ते पळायचे थांबले तरी तो वेळ पेपर वाचायला त्यांचाच राहतो. हे माझं मत आहे, वाद घालायला या.

म्हणून नवी स्पर्धा शोधणं हा इथं उपाय नव्हताच. तीही कधीतरी पार पडली असती, आणि पाचव्या दिवशी पुन्हा पोळ्या.

पुढच्या भेटीला यजमान आणि सासूबाई दोघांना बोलावलं. माझा दवाखाना धरमपेठेत पहिल्या मजल्यावर आहे, खाली तर्री-पोह्याची गाडी लागते, त्यामुळं सकाळच्या भेटीला कुणी नाही म्हणत नाही. मॅडमना एकच वाक्य बोलायचं होतं. आम्ही त्याचा सराव केला होता, आणि तो दीड किलोमीटर पोहण्यापेक्षा जड गेला, कारण प्रत्येक वेळी त्या शेवटी ‘कारण’ जोडायच्या. ‘तब्येतीसाठी.’ ‘हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून.’ मी म्हणायची, ते काढा. अखेर त्या बोलल्या: “मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मी पोहायला जाणार आहे. स्पर्धा नाही. मला जायचंय.”

यजमान खाली बघत म्हणाले, “काकूंना परत बोलावू.” सासूबाईंना ते पटलं असं नाही. “शनिवारीबी?” एवढं विचारलं, मग पोह्यांबद्दल बोलायला लागल्या.

दोनच दिवस का, हे मॅडमनी मला चिडून विचारलं होतं. सहा दिवसांची सवय असलेल्या माणसाला दोन म्हणजे हार वाटते. त्या विज्ञानाच्या, म्हणून मी त्यांना 1981चा एक जुना अभ्यास सांगितला. त्यात तरुणांना दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज 40 मिनिटं घाम गाळायला लावला आणि नंतर काहींचे दिवस चारवर, काहींचे दोनवर आणले. पंधरा आठवड्यांनंतरही दोघांची प्राणवायू वापरायची क्षमता जवळपास टिकून होती. अट एकच, त्या दोन दिवसांतला जोर कमी करायचा नाही. कमवायला जेवढं लागतं त्याहून टिकवायला बरंच कमी लागतं. हे कळलं की ‘सगळं वाया गेलं’ ही भीती सुटते, आणि तीच माणसाला बॅगेची चेन उघडू देत नाही.

आणखी एक त्यांना आवडलं. 1974 साली अमेरिकेत सॅन डिएगोला पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली, ती तिथल्या धावपटूंच्या क्लबनं भरवली होती. ट्रॅकवरच्या त्याच त्या सरावाला काहीतरी वेगळं हवं म्हणून. “म्हणजे कंटाळा आला म्हणूनच सुरू झालं हे?” मॅडम हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

पहिलं काम मी फक्त एवढं दिलं: घरी जाऊन सायकलची बॅग उघडायची. चालवायची नाही. तसा फोटो आला. आत कुबट वासाचा टॉवेल, काळं पडून चिप्ससारखं वाळलेलं केळ, हँडलला अजून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला स्पर्धेचा क्रमांक, आणि साखळीवर गंज. साखळीसाठी सीताबर्डीला दुकानात जावं लागलं. तिथून चालवत घरी आल्या, इतकंच.

मार्चपासून मंगळवार-शनिवार पोहणं नियमित सुरू झालं. होळीनंतर नागपूरचं ऊन सातलाच चटके द्यायला लागतं, तेव्हा तर माणसं आपणहून पाण्याकडे पळतात. हंगाम आमच्या बाजूनं होता हेही मान्य करायला हवं. सायकल कधी रविवारी, कधी नाही. पळणं अजून नाहीच. बूट बाहेर काढलेत म्हणतात, मी विचारत नाही. भरलेली फी बुडाली, ती आम्ही दोघींनी मिळून माझ्या चुकीच्या सल्ल्याच्या नावे मांडली.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्या शेवटच्या भेटीला आल्या. केस ओले होते, शनिवार होता.

“आज निघताना आई काय म्हणाल्या माहितीये? काहून चालली म्हणून नाही विचारलं. ‘किती वाजता येशील?’ म्हणाल्या.”

“मग?”

“साडेसात सांगितलं.” पर्स खुर्चीशेजारी खाली ठेवलेली होती. “आठला गेले घरी.”