सबकॅचमेंट अजून तोडायच्या आधी पाऊस तपासा

तुमचं म्हणणं असं की पावसाळी गटारांच्या मॉडेलमध्ये साडेतीनशे सबकॅचमेंट (गटारात पाणी सोडणारे जमिनीचे तुकडे) पाडलीत, पाऊस तासातासाचा, तोही ७ किमी लांबच्या एकुलत्या एका रेनगेजचा (पर्जन्यमापकाचा), आणि मॉडेलचा पीक (सर्वात जास्त प्रवाह) मोजलेल्याच्या जेमतेम निम्मा येतोय, तर आणखी बारीक तुकडे करू का. नका करू.

हिशोबच बघा ना. १० हेक्टरचा भाग, सी (पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.८, तासात ६० मिमी पाऊस. रॅशनल मेथडने (सी × तीव्रता × क्षेत्रफळ) येतात सेकंदाला १.३३ घनमीटर. पण पाऊस असा मोजूनमापून थोडीच पडतो, त्यातला २० मिमी दहाच मिनिटांत कोसळला तर तेवढ्या वेळची तीव्रता ताशी १२० मिमी झाली, आणि लांबचं पाणी पण दहा मिनिटांत गटाराच्या तोंडाशी पोचत असेल तर पीक सरळ २.६७. तासाच्या सरासरीत हा तडाखा आधीच पुसला गेलाय, आता साडेतीनशेचे तीन हजार तुकडे केले तरी तो परत येणार कुठून? एवढ्या लहान भागाला पाच मिनिटांचा डेटा तरी हवाच.

मी एकदा हेच करून बसलोय. पीक जुळेना म्हणून इम्पर्व्हियस (पाणी न मुरणाऱ्या जमिनीचा) टक्का वाढव, विड्थ (पाणी वाहायच्या पट्ट्याची रुंदी) वाढव, शेवटी ग्राफ असा झकास बसला की विचारू नका, आणि पुढच्याच पावसात सगळं तोंडावर आपटलं. पावसाची चूक मी जमिनीच्या माथी मारली होती. तासाचाच डेटा असेल तर त्यावर पीक कॅलिब्रेट करायला (मोजलेल्याशी जुळवायला) जाऊच नका, फक्त व्हॉल्यूम (एकूण पाणी) जुळवा.

व्हॉल्यूमवरून आठवलं, १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर. गटारातून गेलेलं पाणी पडलेल्या पावसापेक्षा जास्त निघालं आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) ठीक असेल, तर बहुतेक सर तुमच्या डोक्यावर पडली आणि गेज कोरडा राहिला. वळवाच्या ढगाचा जोरदार भाग काही किलोमीटरचाच असतो, त्यात ढग नाल्याच्याच दिशेने सरकत गेला तर वरचं पाणी आणि खालचा पाऊस एकदमच गाठतात, एका गेजला हे कळणारच नाही. रडार मिळालं तर उत्तम, पण ते वर हवेत मोजतं, जमिनीवरच्या गेजशी पडताळल्याशिवाय वापरू नका. टिपिंग बकेटही (भरली की उलटणाऱ्या छोट्या बादलीचा रेनगेज) मुसळधार पावसात कमीच मोजते बरं का.

बारीक तुकडे वाया जात नाहीत, प्रश्न काय विचारताय त्यावर आहे. फक्त शेवटच्या तोंडाचा पीक हवा असेल तर मोठी सबकॅचमेंट चालतात (छोटे पाइप गाळले की त्यांच्यातली साठवण आणि वाहायचा वेळ पण जातो, तो विड्थमध्ये सांभाळा). कुठल्या चौकात पाणी तुंबेल हे हवं असेल तर मात्र ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) काही कामाचा नाही, एका पिक्सेलमध्ये रस्ता, इमारत, झाड सगळं एकत्र, आणि खरं पाणी वळवतो १५ सेंमीचा कर्ब (रस्त्याची उंच कड). तिथे लायडार (लेसरने मोजलेली बारीक उंची) हवा आणि कुठलं छत थेट गटाराला जोडलंय, कुठलं बागेत सोडलंय ते प्रत्यक्ष फिरून बघायला हवं.

आत्ता एवढंच करा, सबकॅचमेंटना हात न लावता फक्त पाच मिनिटांचा पाऊस घालून एक रन घ्या आणि दोन्ही हायड्रोग्राफ (वेळेनुसार प्रवाहाचे आलेख) दाखवा, मग पुढचं बोलू.